शेवटच्या बाटलीचा शोध

पूर्वी गावात काही महत्त्वाचे कळवावयाचे असले की दवंडी पिटत. हलगीवर काठी पडली की माणसे हातातले काम ठेवून ओट्यावर येत आणि कान देत. दवंडी देणाऱ्याचे काम चावडीपासून वेशीपर्यंत ओरडत जाण्याचे. पण ती घरात शिरायची ती ऐकणाऱ्याच्या कानातून. कुणी शेतावर असला, कुणी झोपलेला असला, तर शेजाऱ्याने त्याला सांगावे, अशी रीत होती. ही दुसरी रीत नसती, तर पहिलीचा उपयोग निम्मादेखील झाला नसता.

आज ज्या गोष्टीचा इतिहास तुमच्यापुढे ठेवणार आहे, तीही एक प्रकारची दवंडीच आहे. बाजारात गेलेला माल, मग तो खाण्याचा असो वा औषधाचा, धोक्याचा निघाला की तो परत मागवतात. 'अमुक नावाची, अमुक नंबराची वस्तू वापरू नका, असेल तर परत करा' असा पुकारा होतो. ह्याला इंग्रजी शब्द रिकॉल. आपण साधेपणाने 'माल परत मागवणे' म्हणू या. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कधी रेडिओच्या बातम्यांत, कधी हातातल्या मोबाईलवर असा पुकारा येतो आणि आपण तो बहुधा ऐकून सोडून देतो. हे आपल्यासाठी नसावे, शहरातल्या लोकांसाठी असावे, असे वाटते. पण गेल्या शंभर वर्षांचा दाखला असा आहे की, विष ओळखणे त्या मानाने लवकर झाले. लोकांच्या घरी पोचलेली बाटली नि पोते शोधून काढणे मात्र फार कठीण गेले. त्या कठीण भागातच माणसे दगावली.

ह्या इतिहासातली सर्वांत बोलकी हकीकत अमेरिकेतली आहे, सन १९३७ ची. ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

त्या काळी सल्फानिलामाइड नावाचे औषध नव्याने प्रचारात आले होते. पेनिसिलीन अद्याप बाजारात यावयाचे होते. घसा सुजणे, जखम चिघळणे, ताप चढणे अशा जंतूंच्या रोगांवर हे औषध चांगले लागू पडे. पण ते मिळे गोळीच्या किंवा पुडीच्या रूपात. लहान मुलांना गोळी गिळता येत नाही, हे घरोघरीच्या आयांना सांगावयास नको. तेव्हा गोड, पातळ औषध असेल तर ते पुष्कळ खपेल, असे टेनेसी संस्थानातल्या मॅसेंगिल नावाच्या कंपनीच्या विक्रेत्यांनी मालकाला कळवले. कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स कामाला लागले. अडचण एकच होती: ही भुकटी पाण्यात नीट विरघळेना. शोधता शोधता त्यांना एक द्रव सापडला. चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखा, आणि भुकटी त्यात सुरेख विरघळे. त्याचे नाव डायएथिलीन ग्लायकॉल. कारखान्यातल्या रसायनांत वापरला जाणारा हा द्रव पोटात गेला तर मूत्रपिंडे निकामी करतो. त्यात रासबेरीचा स्वाद घातला, रंग घातला. कंपनीच्या प्रयोगशाळेने औषधाचा स्वाद पाहिला, रंग पाहिला, वास पाहिला. ते विषारी आहे का, हे मात्र कुणी पाहिले नाही. उंदराला किंवा सशाला देऊनही पाहिले नाही. मौज अशी, की तसे पाहण्याची सक्ती कायद्यातही नव्हती. सप्टेंबर १९३७ मध्ये 'एलिक्झिर सल्फानिलामाइड' ह्या नावाने २४० गॅलन औषध तयार होऊन देशभर रवाना झाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओक्लाहोमा संस्थानातल्या टल्सा शहरातल्या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की हे औषध घेतलेल्या रोग्यांची लघवी बंद होते आहे आणि ते दगावत आहेत. त्यांनी शिकागो येथील वैद्यकीय संघटनेला तार केली. बाटली तपासली गेली, विष ओळखले गेले. इथवर सारे काम थोड्या दिवसांत झाले. खरी परीक्षा पुढेच होती. औषध तर गाड्यांतून, टपालातून, विक्रेत्यांच्या पेट्यांतून कधीच पसरले होते.

कंपनीने दुकानदारांना, डॉक्टरांना आणि आपल्या विक्रेत्यांना मिळून हजाराहून अधिक तारा केल्या: माल परत पाठवा. पण त्या पहिल्या तारेत कारण दिले नव्हते, आणि घाईचा शब्दही नव्हता. आता तुम्हीच विचार करा. एखाद्या दुकानदाराला 'माल परत पाठवा' एवढेच कळले, तर तो काय करील? बाटल्या बाजूला ठेवील आणि सवडीने पाठवील. ज्यांना आधीच विकल्या त्यांच्याकडे तो कशाला जाईल? सरकारच्या अन्न व औषध खात्याच्या अधिकाऱ्यांनी ही चूक हेरली आणि कंपनीला दुसऱ्यांदा तारा करावयास लावल्या. ह्या खेपेला स्पष्ट शब्द होते, की हे औषध जिवाला धोक्याचे आहे, रोग्यांना दिलेलेसुद्धा ताबडतोब परत घ्या. दोन तारांतला हा फरक शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावा. इशारा द्यावयाचा तर तो कारणासह द्यावा. कारण कळले नाही, की माणसाचे पाऊल उचलत नाही.

मग सुरू झाला शोध. खात्याची जवळजवळ सगळी बाहेरची माणसे, २३९ निरीक्षक नि रसायनतज्ज्ञ, ह्या एका कामाला जुंपली गेली. कंपनीची पुस्तके पाहा, मालाच्या पावत्या पाहा, दुकाने गाठा, दुकानातून डॉक्टर गाठा, डॉक्टरांकडून रोगी गाठा. वर्तमानपत्रांनी आणि रेडिओ केंद्रांनी इशारे दिले. अडचणी कशा आल्या पाहा. पुष्कळ ठिकाणी दुकानदाराने औषध चिठ्ठीशिवायच विकलेले; घेणारा कोण, हे त्याला आठवेना. कुठे चिठ्ठी सापडली तर तिच्यावर मुलाचे नुसते पाळण्यातले नाव आणि वय. आडनाव नाही, गाव नाही. कुठे एखाद्या बाईचे नुसते आडनाव, पत्ता नाही. एवढ्या विस्तीर्ण देशात त्या नावाची बाई कुठे शोधावी? एक तीन वर्षांचा मुलगा होता. औषध घेऊन त्याचे आईबाप डोंगराळ मुलखात राहावयास गेले होते. त्याला शोधण्यासाठी एका डॉक्टराने आपले लग्न पुढे ढकलले आणि खात्याच्या माणसाबरोबर तो डोंगर धुंडाळत हिंडला.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका बाईने निरीक्षकाला सांगितले, की बाटली मी नष्ट केली. त्याने खोदून विचारले, 'नष्ट केली म्हणजे काय केलेत?' तेव्हा ती म्हणाली, की खिडकीतून मागच्या बोळात फेकून दिली. निरीक्षक बोळात गेला. बाटली फुटलेली नव्हती, आणि रस्त्यावरच्या एखाद्या पोराने उचलून चाखले असते तर त्याचा जीव जावा एवढे औषध तिच्यात शिल्लक होते. बाईचा हेतू वाईट नव्हता. पण 'टाकून देणे' आणि 'परत करणे' ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

शेवटी हिशेब लागला. २४० गॅलनांपैकी २३४ गॅलन आणि एक पाइंट औषध हाती आले. शंभरातले सत्त्याण्णव भाग परत मिळाले. परीक्षेत कुणाला एवढे गुण पडले तर आपण त्याची पाठ थोपटू. उरले ते सहा गॅलनांच्या आत, म्हणजे सुमारे बावीस लिटर. आपल्याकडच्या तेलाच्या दीड डब्याहूनही कमीच. आणि ह्या औषधाने १०५ माणसे गेली, त्यांत ३४ मुले होती. टल्साच्या एका आईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीच्या मरणानंतर अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि अशी औषधे विकण्यास बंदी घालावी अशी कळकळीची विनंती केली.

आता कायद्याची गंमत पाहा. गंमत म्हणावी की दैव, तुम्ही ठरवा. त्या वेळच्या १९०६ च्या कायद्यात विषारी औषध विकणे हा मुळी गुन्हाच नव्हता. अधिकाऱ्यांना माल जप्त करता आला तो वेगळ्याच कलमाखाली. 'एलिक्झिर' ह्या शब्दाचा रूढ अर्थ मद्यार्कात विरघळवलेले औषध. ह्यात मद्यार्काचा थेंब नव्हता, सबब नाव खोटे! बाटलीवर 'एलिक्झिर'ऐवजी नुसते 'द्रावण' असे लिहिले असते, तर सरकारला हात लावता आला नसता. कंपनीला पुढे २६,१०० डॉलर दंड झाला, तोही ह्याच खोट्या नावाबद्दल. आपली काही जबाबदारी आहे असे आपल्याला वाटत नाही, असे मालकाने म्हटले. पाच वर्षे अडकून पडलेले औषधांचे विधेयक मात्र ह्या दुर्घटनेने पुढे सरकले. जून १९३८ मध्ये नवा कायदा झाला, आणि औषध निर्धोक आहे हे दाखवल्यावाचून ते बाजारात आणता येईना.

ह्या कायद्याचे फळ अमेरिकेला वीस-बावीस वर्षांनी मिळाले. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध खपत होते. गरोदर स्त्रियाही ते मळमळीवर घेत. अमेरिकेच्या औषध खात्यातील डॉ. फ्रान्सिस केल्सी ह्या बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून त्याला परवानगी रोखून धरली. पुढे कळले, की त्या औषधाने हात-पाय अपुरे असलेली बालके जन्मास येत होती. जगभरात अशा बालकांची संख्या दहा हजारांच्या आसपास मानतात. जर्मनीत ते नोव्हेंबर १९६१ मध्ये बाजारातून काढून घेतले. कॅनडात मात्र ते मार्च १९६२ पर्यंत कायदेशीर मिळत राहिले. शिवाय एकाच औषधाची देशोदेशी निराळी नावे: जर्मनीत कॉन्टरगान, इंग्लंडात डिस्टाव्हल, कॅनडात केव्हाडॉन. एका नावाने दिलेला इशारा दुसऱ्या नावाची बाटली घरात असलेल्या आईला काय कळणार? म्हणून औषधाचे नाव वाचताना मोठ्या अक्षरांतल्या व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ नावही वाचावे.

औषधांचे झाले, आता धान्याकडे वळू. शेतकरी बंधूंना ही हकीकत जवळची वाटेल.

१९७१ साली इराकमध्ये दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशांतून सत्तर हजार टनांहून अधिक गहू आणि वीस हजार टनांहून अधिक बार्ली आणली गेली. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याच्या एका संयुगाची प्रक्रिया केलेली होती आणि ओळख पटावी म्हणून तांबूस रंग दिलेला होता. बियाणे पोचेपर्यंत पुष्कळ ठिकाणी पेरणी उरकून गेली होती. घरात पोती, पोटात भूक. पोत्यांवर इशारा होता. पण तो स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेत. कवटी आणि हाडांचे चित्र होते. पण ते चित्र म्हणजे विष, हा संकेत त्या खेड्यांतल्या माणसांच्या ओळखीचा नव्हता. कुणी गहू धुऊन पाहिला. तांबडा रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे वाटले. कुणी आधी कोंबड्यांना घातला. चार दिवस कोंबड्या धडधाकट राहिल्या. मग भाकऱ्या भाजल्या गेल्या. पण ह्या विषाची चाल सावकाशीची. काही आठवड्यांनी हातापायांना मुंग्या, मग चालताना तोल जाणे, मग डोळ्यांपुढे अंधार. इस्पितळांत ६,५३० रोगी दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले. जे इस्पितळापर्यंत पोचले नाहीत, त्यांची गणना ह्यात नाही.

आपल्याकडेही प्रक्रिया केलेले रंगीत बियाणे घरोघरी येते. पेरून उरलेले दोन-चार किलो बियाणे कणगीतल्या धान्यात मिसळू नये, दळणात घालू नये, कोंबड्यांपुढेही टाकू नये. धुतल्याने रंग जातो, विष जातेच असे नाही. पिशवीवरची भाषा कळत नसेल, तर कळणाऱ्याकडून वाचून घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

तेलाची गोष्ट तर आपल्याच देशातली. पिवळा धोत्रा ही काटेरी रानटी वनस्पती सर्वांच्या ओळखीची आहे. तिचे बी दिसायला मोहरीसारखे काळसर नि बारीक. ते मोहरीत मिसळून घाण्यात गेले की तेल विषारी होते. ते खाल्ल्याने पाय सुजतात, धाप लागते, हृदय थकते. कलकत्त्यात ह्या रोगाची साथ १८७७ मध्येच नोंदली गेली होती. म्हणजे रोग जुना, कारणही पुढे माहीत झालेले. तरीसुद्धा १९९८ च्या ऑगस्टात दिल्लीत ही साथ पुन्हा आली आणि साठाहून अधिक माणसे गेली. सरकारने सुट्या मोहरीच्या तेलाची विक्री बंद केली.

सुट्या तेलावरच बंदी का, हे नीट समजून घ्या. डब्यावर नाव असते, नंबर असतो, गिरणीचा पत्ता असतो. तो डबा वाईट निघाला तर त्याच्या भावंडांना शोधता येते. सुट्या तेलाला ना नाव ना गाव. वाण्याने मापाने ओतले, आपण बरणीत घेतले, संपले. उद्या पुकारा झाला, तर 'माझ्या बरणीतले तेल त्यातलेच का?' ह्या प्रश्नाला उत्तर नाही. सुटा माल परत मागवता येत नाही.

इथे बॅच नंबर म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. आपल्या घरी भजी तळताना आपण 'पहिला घाणा, दुसरा घाणा' म्हणतो ना? कारखान्यातली बॅच म्हणजे असाच एक घाणा. एका घाण्याच्या पिठात मीठ जास्त पडले, तर त्या घाण्याची भजी खारट. दुसऱ्या घाण्याची नव्हेत. म्हणून कारखानदार प्रत्येक घाण्याला नंबर देतो आणि तो बाटलीवर, पाकिटावर छापतो. इशारा येतो तो बहुधा त्या नंबराचा. नंबर न वाचता सगळाच माल वाईट समजणे चूक. आणि नंबर न वाचता 'आपला तो नसेल' असे मानून चालणे त्याहून मोठी चूक.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रोग्यांना ग्लिसरीन देण्यात आले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी ते पोटातून देत. त्यानंतर रोग्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, आणि चौदा रोगी दगावले. ग्लिसरीन तपासले तर त्यात काय निघाले? तेच १९३७ चे डायएथिलीन ग्लायकॉल. कारखान्यात वापरावयाचे ग्लिसरीन औषध म्हणून रुग्णालयात शिरले होते. सरकारने न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीतले दोष, औषध तपासणीतली ढिलाई आणि औषध प्रशासनाचा कारभार ह्या सर्वांवर कडक ताशेरे ओढले. मुंबईसारखे शहर, जे. जे.सारखे नामांकित रुग्णालय, आणि हाताशी १९४० चा औषध कायदा. तरी विष आत शिरले ते शिरलेच. कायदा कागदावर असणे वेगळे आणि प्रत्येक पिंप उघडून पाहिले जाणे वेगळे.

आणि हा इतिहास जुना झाला आहे असे कुणी समजू नये. १९९८ मध्ये गुडगावला हेच विष मुलांच्या औषधात निघाले. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबिया देशात सुमारे सत्तर मुले दगावली आणि भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. आणि २०२५ साली ही आग आपल्या उंबऱ्याशी आली. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, सप्टेंबरपासून लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. साधा सर्दी-खोकला झालेली ही मुले. छिंदवाड्याच्या लोकांना मोठ्या उपचारासाठी नागपूर जवळचे; म्हणून अनेक मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले. वीसहून अधिक मुले गेली. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या 'कोल्ड्रिफ' नावाच्या पातळ औषधाची तिथल्या औषध नियंत्रण खात्याने तपासणी केली, तेव्हा एस.आर.-१३ ह्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. नियमाने ते ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये. म्हणजे जवळजवळ पाचशे पट. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तामिळनाडूने, मग मध्य प्रदेशाने बंदी घातली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ह्या बॅचचे औषध वापरू नये, विकू नये, असा इशारा दिला. छिंदवाड्यात घरी नेलेल्या बाटल्या परत मिळवण्यासाठी आशाताईंची मदत घेण्याचे आदेश निघाले.

अठ्ठ्याऐंशी वर्षांनी तेच विष, तोच गोड स्वाद, तीच लहान मुले, आणि तोच घरोघरचा शोध. १९३७ मध्ये निरीक्षक डोंगरात हिंडले; २०२५ मध्ये आशाताईंना गावात हिंडावे लागले.

ह्यावरून दोष सगळा घेणाऱ्याचा आहे असे मला म्हणावयाचे नाही. आई दुकानात जाऊन औषधाचे रासायनिक पृथक्करण करू शकत नाही. कारखानदाराने प्रत्येक घाणा तपासला पाहिजे, सरकारने कारखानदाराला तपासले पाहिजे. त्यांच्या चुकीची शिक्षा लेकराला होऊ नये. आपल्याकडे त्यासाठी कायदे आहेत. १९४० चा औषध कायदा आहे; १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी आता २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे; अन्नपदार्थ परत मागवण्याचे नियम २०१७ मध्ये झाले आहेत. निकृष्ट ठरलेल्या औषधांची यादी केंद्रीय औषध नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रसिद्ध करते. पण हा सगळा कायद्याचा हात दुकानाच्या फळीपर्यंत पोचतो. घरातल्या फडताळापर्यंत पोचणारा हात आपलाच. म्हणून आपल्या बाजूचे काम काय, ते इतिहासाच्या आधारेच सांगतो.

अमेरिकेतल्या निरीक्षकांना नावे-पत्ते मिळाले नाहीत. तेव्हा आपण औषध घेताना बिल मागावे, आणि त्यावर नाव व बॅच नंबर आहे ना, हे पाहावे. बिल मागितले म्हणून मेडिकलवाला रागावत असेल, तर रागावू द्यावे. औषध संपेपर्यंत बिल आणि खोके जपावे. पातळ औषध दुसऱ्या बाटलीत ओतून ठेवू नये. चिठ्ठी गेली की ओळख गेली. आपल्या मुलाचे उरलेले औषध शेजारच्या मुलाला देण्याची आपली चाल प्रेमाची आहे, पण ती मोडावी. पुकारा झाला तर ती अर्धी बाटली कुणाच्या घरी गेली, ते कुणाच्या ध्यानात राहणार? लहान मुलांना खोकल्याचे औषध मुळी लागतेच असे नाही. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत असे केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये डॉक्टरांनाही कळवले आहे.

इशारा कानी आला तर तीन गोष्टी पाहाव्या: वस्तूचे नाव, कारखानदाराचे नाव, आणि बॅच नंबर. तिन्ही जुळले तर वस्तू वापरणे थांबवावे. बोळात, नाल्यात वा उकिरड्यावर फेकू नये. बिलासह दुकानात परत द्यावी, किंवा जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीला कळवावे. मुलाने ते औषध घेतले असेल आणि लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपायात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे, आणि ती बाटली बरोबर न्यावी. डॉक्टरला बाटलीवरून अर्धे निदान कळते.

मोबाईलवरून फिरणाऱ्या बातम्यांचेही सांगितले पाहिजे. 'अमुक कंपनीचे सगळे दूध विषारी, दहा जणांना पाठवा' अशा मजकुरात ना तारीख असते, ना नंबर, ना कचेरीचे नाव. खऱ्या इशाऱ्यात ह्या तिन्ही गोष्टी असतात. खोट्या हाकांनी कान किटले, की खऱ्या हाकेच्या वेळी माणूस हलत नाही. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना त्यासाठीच तर शिकवतो.

आता गुरुजनांना एक विनंती. शाळेचा फळा ही गावातली सर्वांत विश्वासाची जागा आहे. सुविचाराच्या शेजारी हातभर जागा ह्या इशाऱ्यांसाठी राखून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा इशारा आला, की नाव आणि नंबर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा आणि खाली कारणही लिहा. मुलांना वहीत उतरवून घेऊ द्या आणि घरी जाऊन फडताळ पाहू द्या. ज्या आजीला अक्षर येत नाही, तिची बाटली नातीने वाचावी. ज्या वस्तीवर रेडिओ नाही, तिथे वहीचा कागद पोचेल. इराकच्या पोत्यावर इशारा होता, वाचणारे कुणी नव्हते. आपल्या घरात वाचणारे आहे, फक्त वाचावयास सांगणारे हवे. एखाद्या तासाला मुलांना घरून रिकामी खोकी आणावयास सांगून बॅच नंबर, तयार केल्याची तारीख नि वापराची शेवटची तारीख शोधावयास लावली, तर तो धडा मुलांना जन्मभर पुरेल.

ज्या सहा गॅलनांचा हिशेब वर सांगितला, ते एका जागी साठलेले नव्हते. ते शेकडो घरांत चमच्याचमच्याने विखुरलेले होते, आणि कोणत्याही सरकारला एकाच वेळी शेकडो घरांत जाता येत नाही. आपल्याला आपल्या एका घरात मात्र आज संध्याकाळीच जाता येईल. फडताळातल्या बाटल्या एकदा खाली काढा, उजेडात धरून वाचा. जिच्यावर नाव नाही, नंबर नाही, ती पुन्हा वर ठेवू नका. ती कुणा लेकराच्या हाती लागणार नाही अशी बाजूला ठेवा, आणि उद्या औषधाच्या दुकानात किंवा आरोग्य उपकेंद्रात नेऊन द्या.